आप्पाची गाडी

लान्चिया आप्पिया, एकोणीसशे सत्तावन्न.
मिरजेत एवढं कोण म्हणतं?
आरटीओतल्या कारकुनानं विचारलं, कुणाची म्हणालात? आप्पाची?
तेव्हापासून ती आप्पाची गाडी.
मुलाण्यांच्या घरात सात पिढ्यांत आप्पा नाही.

डॉक्टर मेढेकरांचा दवाखाना बसला
तेव्हा अकरा महिन्यांच्या पगाराऐवजी
त्यांनी अब्बांच्या हातावर किल्ली ठेवली.
अम्मी म्हणाली,
किल्लीची आमटी कशी करतात
तेही विचारून यायचं.

चार दारं, मधे खांब नाही.
पुढचं पुढे उघडतं, मागचं मागे,
आणि शिवणाच्या मशीनसारखा आवाज.
म्हणजे होता.
मी तो ऐकलाय तिसरीपर्यंत.

अब्बांना इटालियन येतं,
पार्टांच्या पुस्तकापुरतं.
तोरिनोत त्यांना पाणी मागता येणार नाही,
पण मागच्या डाव्या दाराचं रबर
नंबरासकट मागतील.
दांड्याला तिकडे झाड म्हणतात,
प्लगला मेणबत्ती,
आणि कार्ब्युरेटरच्या घशातली ती पितळी चकती
फारफाल्ला.
फुलपाखरू, अब्बा म्हणाले,
आणि ऑइलनं काळ्या झालेल्या बोटानं
फडफडवून दाखवलं.

ब्रेकचे वायसर टेंपोचे.
काचेच्या कडेला कुकरची रिंग, कापून.
गिअरची मूठ सतारमेकर गल्लीतल्या इलाहीचाचांनी केली,
सतारीच्या खुंटीसाठी आणलेल्या शिसवीतून,
आणि पैसे घेतले नाहीत,
फक्त म्हणाले, सुरात राहील का बघ.

पुराच्या साली चाकं जाम होती.
लोकांनी टीव्ही नेले, गाद्या नेल्या,
अब्बा कुकरमध्ये कार्ब्युरेटर घालून
शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर चढले.
तिथे खिचडीला कुकर कमी पडत होते.
अम्मीनं ते आजवर माफ केलेलं नाही.

पाणी उतरलं. बॉनेटखाली गाळ,
एक बेडूक,
आणि पाण्याच्या पंपाची पाती
बोट लावलं की भुगा.

तीन वर्षं शोधलं.
मग कोइमतूरहून सेल्वराज नावाच्या माणसाचा फोन:
देशात चालण्याजोग्या दोनच असाव्यात,
माझी आणि तुमची,
माझ्या पंपाचं घर फुटलंय, पाती शाबूत आहेत,
गाडी विकता का, फक्त पंपासाठी?
आकडा सांगितला.
अब्बा दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत.

मी कुपवाडला फाउंड्रीत पॅटर्न करते.
तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला:
पाती पाठवा. परत मिळतील.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
शेवटी म्हणाला, बरं.
बनियनमध्ये गुंडाळून पाठवली त्यानं,
लहान मुलाचा दुधाचा दात जपावा तशी.

सागाचा साचा केला.
अ‍ॅल्युमिनियम थंड होताना आकसतं,
हजारात तेरा,
म्हणून साचा तेवढा मोठा धरायचा.
पहिलं ओतीव सच्छिद्र निघालं, जाळीच.
फोरमन वाघमोडे म्हणाले, वाळू ओली होती, पोरी.
दुसऱ्या खेपेला दोन घरं, दोन पाती.
एक जोडी पार्सलनं दक्षिणेला गेली
आणि तिच्याबरोबर त्याचा बनियन, धुवून.

काल संध्याकाळी आप्पाची गाडी निघाली.
शिवणाची मशीन, तीच,
मधेच एक टाका गाळणारी.
शेजारी अब्बा, मांडीवर पार्टांचं पुस्तक,
मागे अम्मी, नाकाला पदर.
अंकली पुलाच्या अलीकडे वाफ आली
आणि आम्ही थांबलो.

खाली कृष्णा.
अब्बा बादली घेऊन उतरायला लागले.
अम्मी म्हणाली, थांबा,
आणि पिशवीतून कुकर काढला.